जगावर लिहायचंय, तर कोल्हापुरातून वाट आहे का? (रॉबर्ट फिस्कच्या निमित्तानं)

बिंदूचौकी

मंडळी, भाचीनं शिवाजी विद्यापीठातून पत्रकारितेचं शिक्षण पूर्ण केलं आणि सध्या ती एका दैनिकासाठी शिरोळ तालुक्यातून बातम्या देते. तिला आंतरराष्ट्रीय वार्ताहर व्हायचंय आणि पुढं भाष्यकार. घरात यावरून रोज वाद. तिचे वडील म्हणतात, "जगावर लिहायचं तर दिल्ली गाठ, जमलं तर लंडन. पंचायत समितीच्या बातम्या देणारीला बैरुतला कोण पाठवणार?"

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण रॉबर्ट फिस्क. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९४६, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. सुरुवात न्यूकॅसलच्या स्थानिक दैनिकात. मग लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार म्हणून १९७२ पासून बेलफास्ट, १९७५ मध्ये पोर्तुगाल आणि १९७६ ला लेबनॉनची राजधानी बैरुत. तिथं जो गेला तो २०२० मध्ये वारेपर्यंत तिथलाच होऊन राहिला. लेबनॉनचं यादवी युद्ध, इराणची क्रांती, इराण-इराक युद्ध, दोन्ही आखाती युद्धं, सगळं त्यानं जागेवर जाऊन लिहिलं. ओसामा बिन लादेनची मुलाखत तीनदा घेतली, पहिली १९९३ मध्ये सुदानात आणि नंतरच्या दोन अफगाणिस्तानात.

१९८८ च्या जुलैत अमेरिकन युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. त्यावर त्यानं पाठवलेल्या मजकुराला वर कात्री लागली. पुढच्याच वर्षी त्यानं 'टाइम्स' सोडला आणि 'इंडिपेंडंट'मध्ये गेला.

माझं मत असं, की त्याच्या स्तंभाला वजन आलं ते आधीच्या कित्येक वर्षांच्या बातमीदारीमुळं. आधी बातमी, मग मत. आणि बातमी शिकायला शिरोळ काय नि बेलफास्ट काय. तुम्हाला काय वाटतं? भाचीला काय सांगू?

तालमीतला

विषय खोल हाय. बसलो वाचत.

कळंब्याचं_पाणी

चांगला धागा, पण "आधी बातमी, मग मत" हा नियम मला मान्य नाही. कार्ल मार्क्स 'न्यू यॉर्क ट्रिब्यून'साठी हिंदुस्थानावर लिहीत होता. १८५३ चे त्याचे लेख आजही अभ्यासले जातात. हिंदुस्थानात त्यानं पाऊल ठेवलेलं नव्हतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून संसदेची कागदपत्रं चाळली आणि रेल्वे इथं आली की काय होईल ते लिहिलं.

आपल्याकडं गोविंद तळवलकर घ्या. १९६८ ते १९९६ 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक. सोव्हिएत संघ असो नाहीतर ब्रिटनचं राजकारण, त्यांचे अग्रलेख वाचून आमच्या वडिलांच्या पिढीला जग कळलं. ते काय प्रत्येक ठिकाणी जाऊन उभे नव्हते राहिले. पुस्तकं वाचली, विचार केला, लिहिलं. भाष्यकाराला पाय लागतात त्यापेक्षा बैठक जास्त लागते.

बिंदूचौकी

@कळंब्याचं_पाणी, तळवलकरांबद्दल वाद नाही. पण तळवलकर, मार्क्स ही वाचनाचा डोंगर फोडलेली माणसं. आज टीव्हीवर रोज संध्याकाळी गाझावर बोलणाऱ्यांनी ना वाचलंय, ना पाहिलंय. पोरीनं यांच्यासारखं होऊ नये म्हणून म्हणतोय.

रंकाळाकाठ

फिस्कची गोष्ट एकट्याची वाचली तर अर्धीच कळते. शेजारी थॉमस फ्रीडमनला ठेवून बघा.

१९८२ मध्ये दोघंही बैरुतला होते. फिस्क 'टाइम्स'चा, फ्रीडमन 'न्यू यॉर्क टाइम्स'चा. सप्टेंबरात साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी छावण्यांत फलांजिस्ट या लेबनीज ख्रिस्ती सशस्त्र टोळ्यांनी कत्तल केली, बाहेर इस्रायली सैन्याचा वेढा होता. १८ तारखेच्या सकाळी फिस्क शातिलात शिरला. गल्लीत प्रेतं पडलेली, माश्या घोंगावतायत आणि हा वहीत टिपतोय. फ्रीडमननंही त्या कत्तलीचा तपास खोलवर केला, त्या वर्षीच्या लेबनॉनच्या वार्तांकनाला १९८३ चं पुलित्झर मिळालं. पुढं जेरुसलेमहून केलेल्या कामाला १९८८ मध्ये दुसरं. म्हणजे बातमीदार म्हणून दोघंही अव्वल.

१९९५ पासून फ्रीडमन परराष्ट्र विषयाचा स्तंभलेखक झाला. तिथून वाटा फुटल्या. फ्रीडमन राजे, पंतप्रधान, कंपन्यांचे प्रमुख यांच्यात वावरू लागला. २००२ मध्ये सौदीच्या युवराजानं शांततेचा प्रस्ताव जगापुढं मांडला तो फ्रीडमनच्या स्तंभातून! त्याच वर्षी भाष्यासाठी तिसरं पुलित्झर. आणि २००३ मध्ये यानंच इराक युद्धाची बाजू घेतली. फिस्क तेव्हा बगदादमध्ये होता, बॉम्ब पडत होते त्या शहरात, इस्पितळांतून बातम्या देत.

त्यामुळं @बिंदूचौकी, नुसतं "आधी बातमी" पुरत नाही. फ्रीडमनकडं आधी बातमी होतीच की. स्तंभ मिळाल्यावर माणूस कुणाच्या पंगतीला बसतो यावर पुढचं ठरतं.

तालमीतला

पंगतीवरनं आठवलं, पोरगी बैरुतला गेली तर तांबडा-पांढऱ्याचं काय करणार?

मंगळवारपेठी

तिकडचा चणा आणि तीळ घालून केलेला हमस पांढऱ्याच्या जागी चालवून घेईल. मटण तिकडंबी चांगलं मिळतंय, काळजी करू नगा.

अक्काचा_वाडा

जेवणाची काळजी नंतर करा रे. मी आई म्हणून बोलते. दानिश सिद्दिकी रॉयटर्सचा छायाचित्रकार, पुलित्झर मिळालेला, जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाकला मारला गेला. मेरी कोल्विन २०१२ मध्ये सीरियात होम्सला. ही मोठ्या संस्थांची माणसं, पाठीशी विमा, सुरक्षेचं प्रशिक्षण, सगळं. जी पोरं तुकड्यावर काम करतात, बातमीमागं पैसे मिळतात, त्यांच्या मागं कोण आहे? हा प्रश्न तिनं आधी विचारावा आणि मग पाऊल टाकावं. जाऊ नको असं म्हणत नाही मी.

शिळा_अंक

अक्का, अगदी मुद्द्याचं बोललात. मी आयुष्यभर कोल्हापुरात डेस्कवर काम केलं, आता निवृत्त. दैनिकाचं नाव सांगत नाही.

परदेशाचं पान आपल्याकडं कसं तयार होतं ते सांगतो, म्हणजे पोरीला कळेल ती कुठं उभी आहे. संध्याकाळनंतर पीटीआयची कॉपी येते, तिच्यात एपी, एएफपी अशा परदेशी वृत्तसंस्थांचा मजकूरही असतो. उपसंपादक त्यातल्या चार-पाच बातम्या उचलतो, मराठी करतो, पान लावतो. डाक आवृत्ती लवकर सुटते, चंदगड-आजऱ्याला गाडी निघायची असते, त्यामुळं एका बातमीला जेमतेम काही मिनिटं. तेवढ्यात जाहिरात आली की पहिली कात्री परदेशाच्या पानाला. बगदादमध्ये कुणी जीव धोक्यात घालून मिळवलेली माहिती आमच्याकडं दोन परिच्छेद होऊन यायची, आणि खाली लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नसायचं, नुसतं "वृत्तसंस्था".

मराठी दैनिकाचा स्वतःचा माणूस परदेशात कायमचा नेमलेला, हे माझ्या काळात मी आमच्याकडं पाहिलं नाही. खर्च परवडत नाही म्हणतात. मराठी माणूस तिथवर गेलाच नाही असं मात्र नाही. दिलीप पाडगावकर पुण्याचे, पॅरिसला डॉक्टरेट केली, तिथूनच 'टाइम्स ऑफ इंडिया'साठी लिहीत होते, मग युनेस्कोत गेले आणि १९८८ मध्ये त्याच दैनिकाचे संपादक झाले. पण ती वाट इंग्रजीतून गेली.

आता तालुक्याच्या वार्ताहराचं. त्याला पगार नसतो, मानधन असतं, तेही तुटपुंजं. वर जाहिराती आणायचं टार्गेट. ज्या कारखान्याची जाहिरात आणायची त्याच कारखान्याच्या थकीत बिलाची बातमी कशी लिहायची? फ्रीडमनच्या पंगतीचं @रंकाळाकाठ यांनी वर लिहिलंय, ती पंगत शिरोळातही मांडलेली असते. या पोरीनं तिथं राहून ताठ बातमी दिली, तर तिची निम्मी तयारी झाली असं मी समजतो.

फौंड्रीवाला

शिरोली एमआयडीसीत आहे. आमच्याकडं सकाळी चहाबरोबर परदेशाची बातमी वाचतात, कारण कास्टिंग बाहेर जातं. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पिग आयर्नचे, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचे, भाव कुठं गेले विचारा. दोन्ही देश ते विकणारे. मराठीत त्यावर धड एक लेख मिळेना. रणगाडे किती, क्षेपणास्त्रं कसली, हेच सगळीकडं. वाचक नाही असं कुणी म्हणू नये. आम्ही आहोत.

जुनी_मोडी

थोडं अवांतर, पण कोल्हापूरचंच. दुरून लिहिण्याचा धोका काय असतो याचा मराठी पत्रकारितेतला पहिला मोठा धडा आपल्याच गावावरून मिळालाय. 'केसरी' निघाला १८८१ ला. लगेच 'केसरी' आणि 'मराठा'नं पुण्याहून कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली, की ते चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ चालवतायत. पुरावा म्हणून जी पत्रं छापली ती बनावट निघाली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले.

महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी अहमदनगरला नजरकैदेत असताना पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे दुखणं खरं आणि कागद खोटे. बातमीदारानं अशा वेळी काय करायचं? कागद हातात आला की तो कुणी दिला, का दिला, अक्षर कुणाचं, हे विचारायचं. फिस्कचं यातलं काम मला माहीत नाही, कुणी सांगेल का?

बिंदूचौकी

@जुनी_मोडी, फार नेमकं विचारलंत. यातली त्याची एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

१९९६ चा एप्रिल, दक्षिण लेबनॉनमधलं मन्सुरी गाव. जीव वाचवून पळणाऱ्या लोकांनी भरलेली एक रुग्णवाहिका चालली होती, तिच्यावर इस्रायली हेलिकॉप्टरनं क्षेपणास्त्र सोडलं. दोन बायका आणि चार मुलं ठार. अशी बातमी दिली की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, निषेध येतो आणि विषय मिटतो. फिस्कनं तिथं सापडलेला क्षेपणास्त्राचा तुकडा मिळवला. त्यावर उत्पादनाचे सांकेतिक आकडे शाबूत होते. त्या आकड्यांवरून माग काढत तो अमेरिकेत जॉर्जिया राज्यात गेला, ते बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर बसला आणि तुकडा टेबलावर ठेवला. मेलेल्यांचे फोटो दाखवले. हे तुम्ही बनवलंय, हे इथं वापरलं गेलं, बोला.

बघा, यात सरकारी प्रवक्ता नाही, "सूत्रांच्या माहितीनुसार" नाही. धातूचा तुकडा, त्यावरचा नंबर आणि तो घेऊन जाणारा माणूस. भाचीला मी हीच बातमी वाचायला दिली होती. बोगस बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो, औषधाच्या बाटलीवर बॅच नंबर असतो. तो टिपून थेट कारखान्यापर्यंत जाणं शिरोळातूनही जमतं.

कळंब्याचं_पाणी

मन्सुरीची गोष्ट जबरदस्त आहे, मानलं. पण फिस्कला देव्हाऱ्यात बसवू नका. २०१८ च्या एप्रिलमध्ये सीरियातल्या दूमा शहरात रासायनिक हल्ल्याची बातमी आली. फिस्क तिथं गेला, सरकारच्या ताब्यात गेलेल्या भागात. तिथल्या एका डॉक्टरनं सांगितलं की लोक गुदमरले ते धुळीमुळं, ऑक्सिजन कमी पडल्यामुळं. तो डॉक्टर स्वतः त्या रात्री तिथं नव्हता. फिस्कनं ते छापलं. पुढं २०१९ मध्ये रासायनिक अस्त्रबंदी संघटनेचा अहवाल आला की विषारी रसायन, बहुधा क्लोरीन, वापरलं गेलं असं मानायला सबळ आधार आहे. २०२३ च्या अहवालात तर सीरियाच्या हवाई दलावरच ठपका आला. त्याआधी २०१२ मध्ये दमास्कसजवळच्या दरायातही तो सरकारी सैनिकांसोबत गेला होता, त्यावरून टीका झालीच होती.

जागेवर गेला होता की! जागेवर जाऊनही काय दिसतं, तर नेणारा दाखवतो तेवढं.

बिंदूचौकी

मान्य. दूमाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि त्याच्या चाहत्यांनी हे लपवू नये. तरीही एक सांगतो. डिसेंबर २००१ मध्ये पाकिस्तान-अफगाण सीमेजवळ अफगाण निर्वासितांच्या जमावानं त्याला दगडांनी बेदम मारलं. रक्तबंबाळ झाला. नंतर लिहिलं काय, तर यांची घरं बॉम्बनं उडालीत, यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. समोरच्याचं दुखणं इतकं आत घेणारा माणूस एखाद्या ठिकाणी चुकला म्हणून त्याचं बाकीचं काम पुसलं जात नाही.

रंकाळाकाठ

उलट समोरच्याचं दुखणं आत घेणाराच कधी कधी फसतो. आयुष्यभर लंडन-वॉशिंग्टन खोटं बोलताना पाहिलं, मग दमास्कसचं, म्हणजे सीरियाचं, सरकार म्हणेल ते तपासायचं राहून गेलं. मला तरी असं वाटतं.

ऊसदर

तुम्ही लोक बैरुत-बगदाद करताय, मी जयसिंगपूरचा, म्हणून विचारतो. आंतरराष्ट्रीय बातमी आपल्या फडात आहे ती का दिसत नाही? २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. तक्रार कशाबद्दल? आपल्या एफआरपीबद्दल (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) आणि साखर निर्यातीच्या अनुदानाबद्दल. डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला, जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं. तिकडं अपील ऐकणारं मंडळच बंद पडलेलं, कारण अमेरिका नवीन सदस्य नेमू देत नाही. म्हणजे जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, एक फाइल पडून आहे आणि तिच्यात शिरोळच्या उसाचा दर आहे.

ब्राझीलमध्ये कच्च्या तेलाचा भाव चढला की कारखाने उसाचं इथेनॉल जास्त करतात, साखर कमी. मग जगात साखर महाग. हे ऊस परिषदेला आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला समजून घ्यायचंय. कोण सांगतंय मराठीत? पोरीनं हे लिहावं. ब्राझीलला जायची संधी यातूनच मिळेल बघा.

सुभाषनगर

आमचंबी घ्या की. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपलं कोल्हापुरी पायताण चाललं आणि नाव दिलं नुसतं चामड्याची सँडल. २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं कबूल केलं की मूळ भारतातलं, माणसं पण इकडं येऊन गेली.

तेव्हा दिल्ली-मुंबईचे कॅमेरे गल्लीत आले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "कैसा लग रहा है?" बाभळीच्या साली नि हिरड्यात कातडं किती दिवस मुरतंय, वेणी कोण घालतंय (आमच्यात बायकाच घालतात), एका जोडीमागं घालणारीच्या हातात काय पडतंय, एकानं विचारलं नाही. तुमची भाची आली असती तर दिवसभर बसवून सगळं सांगितलं असतं. अजूनबी सांगतो.

विस्तुलाकाठी

मी कोल्हापूरचा, कामानिमित्त पोलंडची राजधानी वॉर्सात राहतो. आल्यावर पहिल्या महिन्यात इथं एका दगडावर "कोल्हापूर" वाचलं आणि जागचा हललो नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचं स्मारक आहे ते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून लाखो लोक सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. त्यातले सुटलेले इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश माणसं होती, बहुतेक बायका आणि पोरं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांचं त्यांनी चालवलं. ते गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. आपण कपडे घ्यायला जातो तेच.

एकाच जागेवर दोन देशांच्या फाळण्यांची माणसं राहून गेली. यापेक्षा आंतरराष्ट्रीय बातमी कुठली? इथं त्या छावणीत लहानपण गेलेली म्हातारी माणसं अजून भेटतात, पण वयं नव्वदीच्या आसपास आहेत. वळिवडे-गांधीनगरकडच्या आठवणी कुणी नीट नोंदवून घेईल तर पोलंडकडची बाजू मी जुळवून देतो. पोलिशमधून मराठी करायलाही मी आहे.

शिरोळची_शाई

मामांनी धागा काढलाय हे आज कळलं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, मनापासून आभार.

मी स्वतःच बोलते. मला बैरुतला जायचं आहेच, ते सोडलेलं नाही. पण बाबांच्या आणि मामांच्या वादात एक राहून जातंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नृसिंहवाडी, कुरुंदवाडची गावं पाण्यात होती तेव्हा बाहेरून आलेले बातमीदार बोटीतून फोटो काढून परत गेले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यावर कर्नाटकची बाजू काय, तिथले शेतकरी काय म्हणतात, हे इकडं कुणी लिहिलं नाही. मी कॉलेजात होते, तेव्हापासून डोक्यात आहे की नदीच्या दोन्ही काठांवर जाऊन लिहिणारं कुणी हवं. त्यासाठी कन्नड शिकतेय. अरबी नंतर.

@ऊसदर काका, पॅनेलचा निकाल मी वाचायला घेतलाय. इंग्रजी अवघड आहे, पण एफआरपीचं गणित त्यांनी कसं मांडलंय ते समजायला लागलंय. @अक्काचा_वाडा, विम्याचा प्रश्न मी आत्ताच्या दैनिकातही विचारला होता. उत्तर आलेलं नाही.

अक्काचा_वाडा

लेखी विचार. आणि उत्तर येईपर्यंत पुराच्या पाण्यात बोटीनं जायचं नाही, सांगून ठेवते.

रंकाळाकाठ

@शिरोळची_शाई, कन्नडचं ऐकून आनंद झाला. इंग्रजीतही आत्तापासून लिहायला लाग. बाहेरच्या संस्था पाठवलेल्या कात्रणांवरून माणूस जोखतात. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचा दक्षिण आशियाई पत्रकारांसाठी कार्यक्रम आहे, ऑक्सफर्डला रॉयटर्स इन्स्टिट्यूटची फेलोशिप आहे. दोन्हीकडं काही वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, त्यामुळं घाई नाही. ऊस आणि जिनिव्हा हा विषय घेऊन अर्ज केलास तर तिथं असा विषय आणणारी तू बहुधा एकटीच असशील.

कळंब्याचं_पाणी

आणि वाचन सोडू नकोस गं. जिनिव्हाच्या निकालाला किती पानं आहेत ते बघ, म्हणजे बैठक कशाला म्हणतो ते कळेल. अडलं तर विचार, माझा व्यापार कायद्याचा थोडा अभ्यास आहे.

तालमीतला

वळिवड्याला जायचं असंल तर माझी गाडी हाय. गांधीनगरातले दोन-चार जुने दुकानदार ओळखीचे हायत, त्यांच्या आज्या-आजोबांनी मोकळ्या बराकी बघितल्यात म्हणं. बोलवून बसवतो.

शिरोळची_शाई

@तालमीतला दादा, येते. @विस्तुलाकाठी, मेसेज केलाय, तिकडच्या आजी-आजोबांना काय विचारायचं त्याची यादी पाठवते. @सुभाषनगर, दिवसभर बसायची तयारी आहे, मावशींना विचारून दिवस कळवा.

@शिळा_अंक काका, तुम्हाला भेटायचं होतं. माझ्या बातम्यांची फाइल बघाल का?

शिळा_अंक

ये की. दुपारनंतर कधीही घरी असतो, बिंदूचौकींना पत्ता कळवलाय. छापून आलेली कात्रणं आण, आणि प्रत्येकाबरोबर तू पाठवलेली मूळ कॉपीही आण. कुठं काय कापलं गेलं ते आधी बघू, म्हणजे कुठल्या कात्रीशी भांडायचं आणि कुठली सोसायची ते ठरवता येईल.